‘साधा फ्लू’ आणि ‘जरा गॅस’

रविवारी सकाळी तुम्हीही घरी फोन लावत असाल. तिकडे दुपार उलटलेली असते. कोणीतरी फोन आईच्या हातात देतं, कॅमेरा आधी पंखा दाखवतो, मग कपाळ. ‘बरी आहेस ना?’ ‘बरी आहे गं. मध्ये जरा ताप-खोकला झाला होता. साधा फ्लू.’ ‘आणि जेवण?’ ‘जात नाही फारसं. जरा गॅस होतो.’ मग आपण ओवा खा म्हणतो, गरम पाणी पी म्हणतो आणि विषय नातवंडांच्या परीक्षांकडे वळतो. फोन ठेवताना कर्तव्य पार पडल्यासारखं वाटतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की ज्या घरात दमा किंवा सीओपीडीचं माणूस आहे, त्या घरात ‘साधा फ्लू’ आणि ‘जरा गॅस’ हे शब्द ऐकून फोन ठेवण्याचा आपल्याला अधिकार नाही. विषाणू शिरतो फुफ्फुसात, पण पावती पुष्कळदा स्वादुपिंडाच्या नावावर फाटते. आणि त्या अवयवाची चौकशी कोणीच करत नाही. घरचे करत नाहीत, गर्दीतले डॉक्टर बऱ्याचदा करत नाहीत आणि परदेशात बसून आरोग्याच्या गप्पा मारणारे आपण तर मुळीच करत नाही.

‘आपण’ म्हणते, कारण त्यात मी पहिली आहे. मी इंग्लंडमधल्या एका रुग्णालयात फार्मसिस्ट आहे. वॉर्डमध्ये कुणाला स्टिरॉइड सुरू झालं की साखर तपासण्याची नोंद झाली आहे का, हे पाहणं माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. अनोळखी म्हाताऱ्यांसाठी हे मी वर्षानुवर्षं करत आले आहे. माझी आई कऱ्हाडला तीन आठवडे त्याच गोळ्या घेत होती, तेव्हा मात्र मी तिला ओवा खायला सांगत होते.

आईने आयुष्यात विडी-सिगारेटला हात लावलेला नाही. तिने चूल फुंकली, लग्नाआधी आणि लग्नानंतर मिळून तीसेक वर्षं. पुण्यातले डॉ. संदीप साळवी आणि त्यांचे सहकारी कित्येक वर्षं हेच सांगत आले आहेत, की सीओपीडी हा फक्त धूम्रपान करणाऱ्यांचा आजार नाही, स्वयंपाकघरातला धूरही फुफ्फुसांची तीच दशा करतो. आमच्याकडे त्याला ‘धाप’ म्हणायचे आणि वयाच्या खात्यावर टाकायचे.

त्या जुलैमध्ये माझा भाचा शाळेतून ताप घेऊन आला. चार दिवसांत आईला खोकला, ताप आणि धाप सुरू झाली. डॉक्टरांनी पाच दिवसांच्या स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या. त्या द्यायलाच हव्या होत्या आणि त्यांनी आराम पडला. इतका आराम पडला, की पुढच्या आठवड्यात पुन्हा धाप लागल्यावर दादाने रिकामी स्ट्रिप दाखवून तेच औषध दुकानातून आणलं आणि त्यानंतर आणखी एकदा. मध्ये एकदा सकाळी उपाशीपोटी साखर तपासली, 118 आली. सगळे निश्चिंत. रात्री चार-चार वेळा लघवीला उठते, त्याचं कारण वय. सारखं पाणी मागते, त्याचं कारण ताप येऊन गेला. पोट दुखतं, त्याचं कारण गॅस. शेवटच्या रविवारी ती फोनवर नीट उत्तरं देईना. मी म्हटलं, ‘वहिनी, झोपू दे तिला, दमली असेल.’

दुसऱ्या दिवशी ती उठवून उठेना. रुग्णालयात साखर 540 निघाली, शरीर पार कोरडं पडलेलं. पोटदुखीमुळे तिथल्या डॉक्टरांनी लायपेजही तपासलं. ते सुदैवाने ठीक होतं, म्हणजे स्वादुपिंडाला सूज नव्हती. अकरा दिवसांनी आई घरी आली. आज ती बरी आहे, रोज साखरेच्या गोळ्या घेते. तिला मधुमेह असल्याचं त्यापूर्वी कुणालाच माहीत नव्हतं, कारण तिची तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, कधी कुणी तपासलीच नव्हती. धाप फुफ्फुसांची होती, म्हणून सगळे फुफ्फुसंच तपासत राहिले.

स्वादुपिंड जठराच्या मागे दडलेलं असतं. ते दोन कामं करतं: अन्न पचवणारे रस बनवतं आणि रक्तातली साखर आवरणारं इन्सुलिन बनवतं. जुनाट फुफ्फुसविकाराच्या माणसाला विषाणूने गाठलं, की या दुसऱ्या कामावर एकाच वेळी तीन बाजूंनी ताण येतो. पहिला ताण खुद्द आजाराचा. शरीर संकटात सापडलं की कॉर्टिसोल आणि अॅड्रिनलिन वाढतं, यकृत साखर बाहेर सोडतं आणि इन्सुलिनचा प्रभाव कमी पडतो. दुसरा ताण धाप आवरण्यासाठी दिलेल्या स्टिरॉइडचा, तोही त्याच दिशेने ढकलतो. तिसरा ताण आधीपासून घरात बसलेला असतो, तो म्हणजे आपल्या माणसांचं स्वादुपिंड मुळातच फारशी शिल्लक बाळगून नसतं.

या तिसऱ्या गोष्टीवर पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आयुष्य घालवलं आहे. 2004 साली त्यांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2 टक्के. दिसायला सडपातळ, आतून मात्र लठ्ठ. अशा शरीराला साखर आवरायला इन्सुलिन जास्त लागतं आणि स्वादुपिंड वर्षानुवर्षं ओव्हरटाइम करत राहतं. ‘आई कुठे जाड आहे, तिला कशाला साखर होईल?’ असं जे आपण म्हणतो, त्याला त्या एका फोटोत उत्तर आहे. फ्लू नसताना हे स्वादुपिंड कसंबसं वेळ मारून नेतं. फ्लू आणि स्टिरॉइड एकत्र आले की त्याचा हिशेब उघडा पडतो.

कोविडने हा हिशेब आणखी ठळक केला. त्या विषाणूने स्वादुपिंडाच्या पेशींवर थेट हल्ला होतो का, यावर संशोधकांत मतभेद आहेत. पण कोविड होऊन गेलेल्यांमध्ये पुढच्या वर्षभरात नव्याने मधुमेह निघण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे, हे अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या नोंदींवरून 2022 साली दिसलं. आणि वाढलेली साखर हा नुसता कागदावरचा आकडा नसतो. सीओपीडी बळावून लंडनच्या एका रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णांचा अभ्यास 2006 साली प्रसिद्ध झाला. ज्यांची साखर जास्त, त्यांच्यात मृत्यू आणि लांबलेला मुक्काम अधिक, असं त्यात आढळलं.

आता त्या 118 बद्दल. हा आकडा खोटा नव्हता, पण त्याने फसवलं. सकाळी घेतलेल्या स्टिरॉइडचा साखरेवरचा जोर दुपारपासून संध्याकाळपर्यंत असतो आणि रात्री तो ओसरतो. त्यामुळे उपाशीपोटीची साखर जवळपास ठीक आणि संध्याकाळची तीनशेच्या घरात, असं सर्रास होतं. आमच्या वॉर्डात म्हणूनच दुपारच्या किंवा संध्याकाळच्या जेवणाच्या सुमारास बोटाला टोचतात. आपल्या घरांत मात्र ‘शुगर’ म्हणजे सकाळी अनशापोटी लॅबवाल्याला रक्त देणं, हे समीकरण पक्कं बसलेलं आहे. स्टिरॉइड घेणाऱ्या माणसाच्या बाबतीत ते नेमकं चुकीच्या वेळी दार ठोठावतं.

तुम्ही म्हणाल, हे सगळं बघायला डॉक्टर आहेत ना? आहेत. पण आमच्या घरात पाच दिवसांचे तीन आठवडे डॉक्टरांनी केले नव्हते, आम्ही केले होते. सीओपीडी बळावल्यावर पाच दिवसांचा स्टिरॉइडचा कोर्स चौदा दिवसांच्या कोर्सपेक्षा कमी पडत नाही, हे स्वित्झर्लंडमधल्या अभ्यासाने 2013 सालीच दाखवलं होतं. या गोळ्या चिठ्ठीशिवाय द्यायच्या नाहीत, असा भारतात कायदा आहे. दुकानदाराने तो मोडला, हे खरं. पण मोडायला लावलं कुणी? ‘मागच्या वेळी त्याच गोळीने बरं वाटलं होतं, तीच आण,’ हे वाक्य तुम्ही फोनवर कधी म्हटलेलं नाही? मी म्हटलेलं आहे.

याची किंमत आपण एकदा सामुदायिकपणे मोजली आहे. जून 2020 मध्ये इंग्लंडमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीने सांगितलं, की डेक्सामेथासोन हे स्वस्त स्टिरॉइड कोविडमध्ये जीव वाचवतं. त्याच चाचणीने हेही सांगितलं होतं, की ज्यांना प्राणवायू द्यावा लागत नाही, त्यांना त्याचा फायदा दिसत नाही. पहिलं वाक्य व्हॉट्सअॅपवरून गावोगाव पोचलं, दुसरं वाटेत गळलं. 2021च्या दुसऱ्या लाटेत अनावर साखर आणि स्टिरॉइडचा सढळ वापर एकत्र आले आणि म्युकरमायकोसिसने, ज्याला आपण काळी बुरशी म्हणालो, डोळे आणि जबडे खाल्ले. मे महिन्यात केंद्र सरकारला राज्यांना या रोगाची नोंद सक्तीची करायला सांगावं लागलं. सर्वाधिक रुग्ण महाराष्ट्र आणि गुजरात या दोन राज्यांत होते. आपल्या ओळखीतलं एखादं तरी घर त्यात होतं. एवढं होऊनही ‘स्टिरॉइड चालू आहे, मग साखर किती?’ हा प्रश्न आपल्या तोंडी बसलेला नाही.

इथे कुणी घाईने दुसऱ्या टोकाला जाऊ नये. स्टिरॉइड विषारी असतं, असं मी म्हणत नाही. बळावलेल्या धापेत ते जीव वाचवतं. कित्येक आठवडे घेतलेलं स्टिरॉइड एकदम बंद करणंही धोक्याचं असतं. माझा राग आपल्या उफराट्या भीतीवर आहे. आपल्या घरांत इन्हेलरची भीती वाटते. ‘पंप लावू नकोस, सवय लागते.’ इन्हेलरमधलं स्टिरॉइड मायक्रोग्रॅममध्ये मोजतात आणि ते थेट फुफ्फुसात जातं. गोळीतलं मिलिग्रॅममध्ये मोजतात आणि ते सगळ्या शरीरात जातं. ज्याने धाप आटोक्यात राहते, तो पंप कपाटात धूळ खातो आणि तो न वापरल्यामुळे लागणारी गोळी मात्र आपण शेंगदाण्यासारखी खातो.

आता पोटदुखीकडे येते, कारण ‘गॅस’ या शब्दाने मराठी माणसाचं जितकं नुकसान केलं आहे तितकं क्वचितच एखाद्या रोगाने केलं असेल. स्वादुपिंडाला अचानक सूज येण्याची मुख्य कारणं पित्ताशयातले खडे आणि दारू. विषाणूंपैकी गालगुंडाचा विषाणू हे करू शकतो, हे फार पूर्वीपासून माहीत आहे. फ्लू आणि कोविडमध्येही अशा रुग्णांची वर्णनं प्रसिद्ध झाली आहेत, पण ती विरळा आहेत. ‘फ्लूने स्वादुपिंड निकामी होतं’ असा फॉरवर्ड उद्या कुणी पाठवला, तर तो पुढे ढकलू नका. विरळा गोष्टीने घाबरवून सोडायचं आणि रोजची गोष्ट विसरायची, हीच आपली खोड आहे. रोजची गोष्ट साखरेची आहे.

पण विरळा म्हणजे अशक्य नव्हे. दुखणं बेंबीच्या वर असेल, आरपार पाठीत जात असेल, वाकून बसल्यावर जरा बरं वाटत असेल, सोबत उलट्या असतील, तर ते पाहायला लायपेजची साधी रक्ततपासणी असते. ती नेहमीच्या कमाल मर्यादेच्या तिप्पट किंवा त्याहून जास्त आली, तर डॉक्टर निदानाच्या जवळ पोचतात. धाप असलेल्या माणसात गोंधळ दोन्ही बाजूंनी होतो. स्वादुपिंडाच्या सुजेने छातीत पाणी होऊन धाप वाढू शकते आणि घरचे म्हणतात, जुना दमाच उठलाय. उलट फुफ्फुसाच्या खालच्या भागातला न्यूमोनिया पोटात दुखवतो आणि घरचे म्हणतात, गॅस झालाय. हृदयविकाराचा झटकाही कधीकधी तसाच बोलतो. म्हणून ताप-खोकल्यासोबत वरच्या पोटात दुखत असेल, तर त्याला गॅस म्हणण्याचा हक्क तपासून झाल्यावरच मिळतो. फोनवरून तो कुणालाच मिळत नाही, फार्मसिस्ट असलेल्या लेकीलाही नाही.

आणि आता सर्वात लाजिरवाणी गोष्ट. तुम्ही स्वतः फ्लूची लस घेतली आहे ना? लंडनला ऑफिसात, न्यू जर्सीला औषधाच्या दुकानात, ऑक्टोबर आला की दंड पुढे करून आपण मोकळे होतो. इंग्लंडमध्ये सीओपीडीच्या रुग्णाला आणि पासष्टीपुढच्या प्रत्येकाला ती फुकट मिळते. भारतात मोठ्यांसाठी ती सरकारी लसीकरणात नाही. कुणीतरी आठवण ठेवून, खिशातून पैसे घालून द्यावी लागते. ते ‘कुणीतरी’ कोण? एका रात्रीच्या हॉटेलातल्या जेवणाहून जास्त खर्च त्याला येत नाही. आपण ऑक्सिमीटर पाठवले, मसाज करणाऱ्या खुर्च्या पाठवल्या, बदाम तर पोत्याने पाठवले. माझ्या आईला एकाहत्तराव्या वर्षापर्यंत फ्लूची एकही लस मिळालेली नव्हती आणि माझ्या हे कधी लक्षातही आलं नव्हतं.

यात एक खास आपली, परदेशस्थांची गफलत आहे. आपल्या डोक्यात फ्लू म्हणजे हिवाळा. महाराष्ट्रात फ्लूचा मोठा हंगाम पावसाळ्यात असतो, जून ते सप्टेंबर, आणि दुसरा छोटा उठाव हिवाळ्याच्या शेवटी. म्हणजे तिकडची लस पावसाच्या आधी, एप्रिल-मेमध्ये घ्यायला हवी. नेमक्या त्याच महिन्यांत आपण आई-वडिलांना अमेरिकेला बोलावतो. तिथे तोवर हंगाम संपलेला असतो, जुन्या लसीची मुदत जूनअखेर संपते आणि नवी येते ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमाराला. ते दोन्हीकडची लस चुकवतात आणि ऐन पावसाळ्यात परततात, खचाखच भरलेल्या विमानातून. तिकीट काढताना जेवण शाकाहारी सांगायला आपण विसरत नाही, व्हीलचेअर सांगायला विसरत नाही. लसीची तारीख त्याच यादीत बसू शकते. फ्लूच्या लसीने प्रत्येक फ्लू टळत नाही, हे मान्य. पण सीओपीडीवाल्यांची धाप बळावण्याचे प्रसंग तिने कमी होतात. धाप कमी वेळा बळावली, तर गोळ्या कमी आणि स्वादुपिंडावरचा भार कमी.

‘इतक्या लांबून आम्ही काय करणार?’ हा शेवटचा आक्षेप मला सर्वात जास्त चीड आणतो, कारण मी स्वतः त्याच्या आड लपले आहे. लांबून घास भरवता येत नाही, पाठ चोळता येत नाही. प्रश्न मात्र विचारता येतो आणि प्रश्नच विचारला जात नाही. तेव्हा येत्या रविवारी हे विचारा. शेवटची एचबीएवनसी कधी केली? गेल्या वर्षभरात स्टिरॉइडचे किती कोर्स झाले आणि आता एखादा चालू आहे का? चालू असेल तर डॉक्टरांनी किती दिवस सांगितलं होतं आणि आज कितवा दिवस आहे? काल संध्याकाळी साखर किती होती? पंप रोज घेते का, घेऊन दाखव बरं. फ्लूची आणि न्यूमोनियाची लस झाली का?

आकडे ऐकताना एक जपा. भारतात आणि अमेरिकेत साखर मिलिग्रॅममध्ये सांगतात. इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलियात राहणाऱ्यांच्या डोक्यात मिलिमोल असतात. भारतातल्या आकड्याला अठराने भागा, म्हणजे 180 चे 10 होतात. आजारपणात आकडा पुन्हा पुन्हा 180 च्या वर जात असेल, तर डॉक्टरांना कळवायला सांगा. तीनशेच्या वर असेल किंवा माणूस सुस्त, असंबद्ध, सतत तहानलेलं असेल, उलट्या होत असतील, तर त्याच दिवशी रुग्णालयात न्यायला सांगा. ‘दमली असेल, झोपू दे’ हे माझं वाक्य मेहेरबानी करून उसनं घेऊ नका.

घरचे चिडतील. दादा माझ्यावर चिडला होता. ‘तिकडे बसून शहाणपणा शिकवते’ हे ऐकावं लागलं. त्याचा राग खोटा नव्हता. रात्री चार वेळा आईला उठवायला तो होता, मी नव्हते. म्हणून आता मी शहाणपणा शिकवत नाही. ग्लुकोमीटरच्या पट्ट्या मी ऑनलाइन मागवते, संध्याकाळी साताला आकडा घरच्या ग्रुपवर भाचा टाकतो आणि दर एप्रिलमध्ये लसीची अपॉइंटमेंट मी इथून घेते. भावाच्या वाट्याचं काम त्यातलं किंचितच हलकं होतं, पण होतं.

परवाच्या रविवारी आई म्हणाली, ‘जरा सर्दी झालीय गं, साधीच आहे.’ मी विचारलं, ‘संध्याकाळची किती होती?’ ती हसून म्हणाली, ‘एकशे बेचाळीस. आता तरी नातवंडांना फोन दे.’